समुद्रातल्या तेलविहिरींजवळचे धातू कसे मोजतात?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या 'बॉम्बे हाय'मधून १९७६ पासून तेल निघतंय. समुद्रात विहीर खोदताना जो 'ड्रिलिंग मड' वापरतात, त्यात सहसा बराइट हे जड खनिज असतं. त्यातलं बेरियम पाण्यात फारसं विरघळत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतं. त्यामुळे नुसतं पाणी तपासून भागत नाही, गाळ काढावा लागतो. प्लॅटफॉर्मपासून दूर जाताना बेरियम घटत गेलं, तर बोट ड्रिलिंगकडेच जातं.

खरी चिंता बराइटसोबत येणाऱ्या पारा आणि कॅडमियमची. अमेरिकेत त्यांना किलोमागे अनुक्रमे १ आणि ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण हेच धातू नद्या आणि शहरांच्या सांडपाण्यातूनही येतात. खोदण्याआधीचा गाळाचा नमुना नसेल, तर मासळीत पारा सापडूनही तो कुणाचा, यावर वाद घालता येतो.