जखम सरकारी कामाची, रजा मात्र स्वतःची!

प्रकटदिन असो, रामनवमी असो की ऋषिपंचमी, शेगावात लोटणारी गर्दी सुखरूप घरी परतते तेव्हा त्यामागे संस्थानच्या सेवेकऱ्यांबरोबरच बंदोबस्तातला पोलीस, एसटी आगारातला मेकॅनिक आणि रेल्वेस्थानकावरचा पॉइंट्समन यांचेही श्रम असतात. यांपैकी एखाद्याचा कामावर असताना पाय मोडला, तर तो बरा होईपर्यंत त्याचे घर कोणाच्या पैशावर चालते? प्रश्न साधा आहे. उत्तरे मात्र तिघांची तीन.

पोलिसाला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यांत विशेष विकलांगता रजा आहे. ती कमाल २४ महिने मिळू शकते. पहिले १२० दिवस अर्जित रजेइतके वेतन, पुढे साधारणतः अर्धे. ही रजा सहसा रजा-खात्यातून वजा होत नाही.

मेकॅनिकचा आधार १९२३ चा नुकसानभरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला जेमतेम निम्मी रक्कम मिळते.

पॉइंट्समन केंद्राचा नोकर. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने कामाशी संबंधित आजार व दुखापतीसाठी वेगळी रजा आणली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण वेतन, त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि पुढील बारा महिने अर्धे.

कागदावर तिघांचीही सोय आहे. अडचण आहे ती मधल्या दिवसांची. दुखापत कामावरच झाली याचा अहवाल, डॉक्टरांचा दाखला, वरिष्ठांची मंजुरी असा कागद शेगावहून बुलढाण्याकडे सरकत राहतो. दूधवाला आणि किराणा दुकानदार काही मंजुरीसाठी थांबत नाहीत. मग जखमी माणूस हातातल्या अर्जित रजेचा अर्ज टाकतो.

इथेच खरी मेख आहे. राज्य कर्मचाऱ्याला अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते, ३०० दिवसांपर्यंत साठते आणि शिल्लक रजेचे निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात. ही रजा म्हणजे त्याची बचतच. साठ दिवस खर्ची पडले आणि नंतर खात्यात परत आले नाहीत, तर दोन महिन्यांचा पगार बुडाला. जोखीम मालकाची, तिचा हप्ता मात्र नोकर भरतो!

खोट्या दुखापतींना ऊत येईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय चौकशी हा आहे, उपासमार नव्हे. अमेरिकेत संघीय कर्मचाऱ्याला कामावर अपघाती इजा झाल्यास १९७४ च्या दुरुस्तीपासून ४५ दिवसांपर्यंत वेतन चालू ठेवले जाते. दावा पुढे फेटाळला गेला, तर ते दिवस रजेत धरता येतात वा रक्कम वसूल करता येते. तिथे खर्च झालेली रजा परत विकत घेण्याचीही सोय आहे.

आपल्याकडेही एवढे करणे अवघड नाही, असे मला वाटते. प्राथमिक अहवाल येताच विशेष रजा तात्पुरती मंजूर करावी, चौकशीला मुदत घालावी, आणि दावा मान्य होताच मधली अर्जित रजा कर्मचाऱ्याने वेगळा अर्ज न करता खात्यात जमा करावी. याला नव्या तिजोरीची गरज नाही. जे देणे मान्यच आहे, ते वेळेवर देण्याचा हा प्रश्न आहे.