खटपटीची वही कोण ठेवणार?

अमेरिकेचे राजकारण दबावगटांच्या मुठीत आहे, असे येथे मोठ्या तिरस्काराने बोलले जाते. तो तिरस्कार अनाठायी नाही. तेथे लॉबिंग हा उघड धंदा आहे. २०१० साली ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंदी उठवली आणि धनशक्तीला रान मोकळे झाले. तरीही १९९५ च्या कायद्याने तेथे एक बंधन घातले आहे. कोणी कोणासाठी, कोणत्या प्रश्नावर, किती पैसा घेऊन खटपट केली, याची नोंद करावी लागते आणि ती कोणाही नागरिकाला पाहता येते. भारताची बाजारपेठ खुली व्हावी म्हणून वॉलमार्टने अमेरिकन लोकप्रतिनिधींकडे केलेल्या खटपटीवरून डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय संसदेत गदारोळ झाला, तो याच नोंदींच्या आधारे! दिल्लीतील खटपटीची मात्र वहीच नाही.

या उणिवेची किंमत धाराशिवसारखे जिल्हे मोजतात. सोयाबीन हे या जिल्ह्याचे खरिपाचे प्रमुख पीक. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला, तेव्हा शेतकऱ्याचा बहुतेक माल केव्हाच विकला गेला होता. कोंबडीखाद्य महागल्याची तक्रार करीत त्या उद्योगाच्या संघटनांनी आयातीची मागणी लावून धरली. केंद्र सरकारने त्याच महिन्यात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणण्यास परवानगी दिली. सप्टेंबरअखेर अतिवृष्टीने व मांजरा-तेरणेच्या पुराने शिवारे बुडाली. उरलेले पीक बाजारात आले, तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरले होते. तेजी व्यापाऱ्याला मिळाली, मंदी शेतकऱ्याच्या पदरी पडली.

कोंबडीपालकांनी गाऱ्हाणे मांडावे, हा त्यांचा लोकशाही हक्कच आहे. प्रश्न असा, की त्या निर्णयापूर्वी कोण कोणाला भेटले, काय ठरले, हे कळंब-उमरग्याच्या शेतकऱ्याला कोठे वाचता येते? त्याचे म्हणणे कोणी विचारले? ज्या देशात २०१८ पासून निवडणूक रोख्यांतून पक्षांना निनावी देणग्या मिळत राहिल्या आणि ती योजना घटनाबाह्य ठरण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले, तेथे हा संशय शेतकऱ्याच्या मनात आल्यास त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून लॉबिंगची सक्तीची नोंद करणारा कायदा हवा, आणि आयात-निर्यातीच्या प्रत्येक निर्णयापूर्वी उत्पादकांची जाहीर सुनावणी हवी. अर्थात वही म्हणजे न्याय नव्हे. अमेरिकेत वही असूनही पैशाचेच राज्य चालते. वहीतून शत्रू दिसतो, त्याच्याशी झुंज संघटनेलाच द्यावी लागते. साखरेचा आवाज मुंबई-दिल्लीत पोहोचतो, कारण त्यामागे कारखाने, संघ आणि आमदार-खासदार उभे आहेत. कोरडवाहू सोयाबीनवाल्यामागे कोणी नाही. त्याची संघटना गावोगाव उभी राहिल्याखेरीज खरिपाचे भाव त्याच्या पाठीमागेच ठरत राहतील.