सेव्हचं बटण

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. सांभाळून घ्या! विषयही पोरकट वाटेल... सुपर मारिओ ब्रदर्स.

निन्टेन्डोने हा गेम १९८५ मध्ये काढला. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार, अशा ३२ लेव्हल. आणि चित्रांसकट सगळं फक्त ४० केबीत! आज आपला एक सेल्फीसुद्धा तेवढ्यात मावत नाही. आपल्याकडे तो पोहोचला टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली डब्यांतून. दारव्ह्याजवळच्या गावी माझ्या चुलतभावाकडे असाच एक डबा होता. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, टीव्हीचं चॅनल जुळवायचं, की दादा सुरू. मी नुसती बघत बसायची. दादा सातव्या वर्ल्डपर्यंत सहज जायचा आणि नेमकी तेव्हाच लाइन जायची! गेममध्ये सेव्हची सोय नाही. वीज गेली की मेमरी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. आठव्या वर्ल्डचा शेवटचा किल्ला दादाने कधी पाहिलाच नाही.

मागच्या सेमिस्टरला रूममेटच्या मामांचा जुना गेम बॉय कलर हाती लागला. त्यात १९९९ चा सुपर मारिओ ब्रदर्स डीलक्स, म्हणजे त्याच गेमची खिशातली आवृत्ती. पहिल्याच खड्ड्यात पडले! कारण साधं आहे. मूळ चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं, हा स्क्रीन १६० बाय १४४ चा. मारिओ आणि ठोकळे मात्र लहान केले नाहीत. म्हणजे जुन्या चित्राचा ३७.५ टक्केच भाग दिसतो. आधी आडवे १६ ठोकळे दिसायचे, आता १०. शत्रू अंगावर आल्यावरच कळतो. वर-खालचं बटण दाबून थोडं डोकावता येतं, इतकंच. पण लेव्हल पार झाली की सेव्ह करता येतं!

यावरून आमच्या विंगमध्ये जोरदार भांडण झालं. "सेव्ह म्हणजे चीटिंग बे, ओरिजिनल ते ओरिजिनल!" मला नाही पटत. कमी दिसतं हे नुकसान खरंच आहे. पण सेव्ह काही तुमच्यासाठी उडी मारत नाही. उडी तुमचीच. ते फक्त एवढंच करतं, की लाइन गेली म्हणून आधीची मेहनत पुसली जात नाही.

दादा बारावीला फिजिक्समध्ये राहिला. पुन्हा बसवायला घरी तेव्हा पैसा नव्हता आणि धीरही नव्हता. आज तो कापूस पिकवतो आणि गावातले बंद पडलेले मोटरपंप खोलून दुरुस्त करतो. माझाही सेकंड इयरला एम-थ्री राहिला होता. एटीकेटी होती म्हणून मी आज थर्ड इयरला आहे. डोकं त्याचं माझ्यापेक्षा कमी नाही. माझ्या गेममध्ये सेव्ह होतं, त्याच्या नव्हतं. म्हणून मेसमध्ये कुणाच्या बॅकवरून टिंगल सुरू झाली की मला हसू येत नाही.

एक गोष्ट राहिली. ते सेव्हसुद्धा कॅसेटमधल्या नाण्याएवढ्या सेलवर टिकतं. सेल संपला की सगळं पुसलं जातं. आमचा परवाच संपला. आता कुणीतरी कॅसेट उघडून नवा सोल्डर करायला हवा. दिवाळीत मी सेल घेऊन गावी जाणार आहे. सोल्डरिंग दादाच करेल, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

आणि मग तो किल्ला. या वेळी मी नुसती बघत बसेन.