गाडी सुरू होत नाही, म्हणजे नक्की काय होत नाही?

"गाडी कधी कधी सुरू होत नाही" या वाक्यातला सगळ्यात वैताग आणणारा शब्द कुठला? 'कधी कधी'. रोज येणारा बग परवडला, त्याला निदान गाठता तरी येतं. क्लायंटसमोर दिसणारा आणि आपल्या मशीनवर गायब होणारा बग मात्र माणसाला देवधर्माला लावतो. माझ्या गाडीने मला तिथपर्यंत आणलंच होतं.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. आई-बाबा पोलादपूरला, मी पुण्यात. महिन्यातून एकदा ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत घरी जायचं, एवढाच तिचा उपयोग. वरंध घाट जवळचा, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. गाडीचं पासिंग एमएच-०६, म्हणजे आपल्या रायगडचं! गावची गाडी म्हणून मी वर खूश.

तर झालं असं की दर आठ-दहा वेळा चावी फिरवली की एकदा नुसतं 'टक्'. पुन्हा फिरवली की सुरू. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा 'टक्'. दुसऱ्याने सेल्फ उतरवून दुरुस्त केला. तिसऱ्याने चावीचा स्विच बदलला. साडेआठ हजार गेले आणि 'टक्' जिथल्या तिथे. माणगावला चहा प्यायला थांबलो तरी इंजिन चालू ठेवायचो. लोक बघायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता बाबांना घाम फुटला, छातीत जड वाटायला लागलं. बाहेर धो धो पाऊस. आईने त्यांना मागच्या सीटवर बसवलं, मी चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. सहा वेळा टक्. शेवटी शेजारच्या दादाने त्याची रिक्षा काढली आणि त्या पावसात आम्ही महाडला पोचलो. नशिबाने पित्ताचा त्रास निघाला. पण त्या वीस-बावीस मिनिटांत आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, ते अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका छोट्या गॅरेजमधल्या चाचांना घरी घेऊन आलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारले. "इंजिन फिरतं पण पेटत नाही, का फिरतच नाही? चावी मारल्यावर हेडलाइट मंद होते का? थंड असताना जास्त होतं, का गरम असताना?"

गंमत बघा, आधीच्या तिघांपैकी एकानेही यातलं काही विचारलं नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं. मी बग रिपोर्टमध्ये 'चालत नाही' एवढंच लिहिणाऱ्या क्लायंटला शिव्या घालतो, आणि स्वतः तेच करत होतो.

इंजिन नीट फिरतं पण पेटत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क शोधायचा. फिरतच नाही आणि दिवेही मरतात, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे झकास आणि नुसतं टक्, तर बॅटरीत करंट आहे पण सेल्फपर्यंत पोचत नाही, किंवा सेल्फ स्वतःच गेलाय. माझी केस तिसरी.

मग चाचांनी जाड जंप केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी मारली, गाडी सुरू. केबल काढली, टक्. लावली, सुरू. तीनदा करून दाखवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत पूर्ववत करून बघायची, हे आम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये स्लाइड लावून शिकवतात.

दोष होता इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीत. बाहेरून धडधाकट, आतून हिरवा चुरा. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि मी मल्टिमीटर काढला. चावी मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात जास्तीत जास्त ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. माझ्याकडे जवळजवळ ३ दिसले. हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीचा सेल्फ ढोबळमानाने १५० अँपिअर ओढतो. वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा आला की ३ व्होल्ट तिथेच खलास, १२ पैकी. साध्या मीटरने पट्टीचा ओहम मोजायला गेलात तर ०.०२ दिसतही नाही, म्हणून भार असतानाच मोजायचं. दिव्यांना थोडाच करंट लागतो आणि त्यांचं अर्थिंग बॉडीला वेगळं, म्हणून ते झकास. गंजलेला सांधा हादऱ्याने, ओलीने कधी टेकतो कधी सुटतो, म्हणून 'कधी कधी'.

पण पट्टी सडली कशाने? चाचा काही न बोलता डिकीकडे गेले. स्टेपनी काढली, खालचा कार्पेट उचलला. कोपऱ्यात बारीक तांबूस गाळ, सुकून पापुद्रे झालेला. सीटच्या नटांवरही तोच. "ही पाण्यात गेलेली आहे साहेब. महाडची आहे ना?"

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. त्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते महाडकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. माझी गाडी त्यातलीच एक, धुऊन-पुसून दोन हात बदलून माझ्याकडे आलेली. आरसीवर पासिंगची तारीख दिसते, इंधन दिसतं. गाडी पाण्याखाली गेली होती का, याचा रकाना नाही.

विकणाऱ्याचा राग आला का? आला. पण मग वाटलं, ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स होता, त्याला स्वतःच्या गाडीसाठी एक रुपया मिळणार नव्हता. दुकान बुडालं, घर बुडालं, वर गाडी. तो विकणारच. त्याने विकू नये असं माझं म्हणणं नाही, सांगून विकावी एवढंच. पाण्यात गेलेली आहे हे कळलं असतं तर मी किंमत पाडली असती, हे खरं. पण सगळे अर्थिंग आणि कनेक्टर पहिल्याच आठवड्यात साफ करून घेतले असते आणि ती रात्र टळली असती.

दुसरी गोष्ट आपल्याबद्दल. गॅरेजवाले फसवतात, हा ऑफिसातला लाडका विषय. मला ते तिघे लबाड वाटत नाहीत. आपण गाडी टाकतो, "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणतो आणि पैसे पार्टचे देतो, शोधण्याचे नाही. मग तो पार्टच बदलणार. चाचांचं बिल बघा: पट्टी २५० रुपये, मजुरी १००. पाऊण तास डोकं लावल्याचे शून्य. विचारलं तर म्हणाले, "शोधायचे काय घेऊ साहेब?" आणि लाज वाटते सांगायला, सवयीने माझ्या तोंडून "जरा कमी करा" निघणारच होतं. मी स्वतः महिना महिना बग शोधण्याचाच पगार घेतो. त्यात कितीदा उत्तर एका ओळीचं निघतं, म्हणून कुणी माझा पगार कापलेला नाही.

शेवटी त्यांनी पाचशे घेतले, तेही फार आग्रह केल्यावर. तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिककडे जाल तेव्हा लक्षणं नीट लिहून न्या आणि आधीच सांगा: "दोष शोधायचे वेगळे पैसे देईन, दाखवल्याशिवाय काही बदलू नका." साडेआठ हजारांपेक्षा स्वस्तच पडेल.

मित्र म्हणतात, फुंकून टाक आणि ईएमआयवर नवी घे. विकेन कधीतरी. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद ठेवलाय. 'जुलै २०२१ मध्ये पाण्यात गेलेली' ही पहिली ओळ, खाली काय काय बदललं त्याच्या तारखा. गिऱ्हाईक पाच-दहा हजार कमी देईल. देऊ दे. त्याच्याही मागच्या सीटवर रात्री दोन वाजता कुणीतरी बसलेलं असेल.