मोटारीतला हरवलेला खर्ज

रसिकांपुढे एक लहानशी गोष्ट मांडावयाची आहे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, त्यापूर्वी मिसरूड फुटायच्या वयात माझे वडील दरबारात गात. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांच्या एका बैठकीचे ध्वनिमुद्रण माझ्याजवळ आहे. दर शनिवारी शिकवण्यांसाठी निपाणीला व बेळगावला मोटारीने जाताना ते मी ऐकतो.

एकदा शेजारी बसलेल्या शिष्याने विचारले, "गुरुजी, यात तंबोरा नाही का?" त्या बैठकीत तंबोरे दोन होते! पण तवंदी घाटाच्या चढावर खरोखरच एकही ऐकू येत नव्हता.

काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ आंदोलनांचा असतो. रस्त्याची घरघरही बव्हंशी खालच्याच पट्टीतली. तेव्हा आधी बुडतो तो खर्ज. मी बेळगावातील एका दुकानातून मोठे स्पीकर बसवून घेतले. आवाज वाढला, तंबोरा सापडला नाही. उलट दाराचा पत्राच थरथरून साथ करू लागला.

कारण मागाहून उमगले. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागची हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याची भोके उघडी असली, की मागची लाट पुढच्या लाटेला गाठते आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. निपाणीच्या एका कारागिराने दाराच्या दोन्ही पत्र्यांवर अॅल्युमिनियमचा वर्ख असलेले, दोनेक मिलिमीटर जाडीचे ब्युटाइल रबर चिकटवले व ती भोके बुजवली. तळाची पाणी जाण्याची छिद्रे तेवढी मोकळी ठेवली. नाहीतर आमच्याकडच्या पावसात दारे गंजावयाचीच! आता दारावर टिचकी मारली तर 'ठण्' न वाजता 'ठप्' वाजते. रस्त्याची घरघर सगळी गेली असे नव्हे. पण स्पीकर तेच असून खर्ज परत आला. पुढच्या शनिवारी शिष्य घाटात आपणहून षड्ज लावून बसला होता.

वाद्याचा भोपळा बोलका हवा, स्पीकरचे दार मुके हवे. हा साधा भेद विसरून आपण नुसता आवाज विकत घेतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणांस अभिमान आहे. पण घरोघरी निवांत ऐकणे कमी होऊन पुष्कळांचे गाणे आता मोटारीतच उरले आहे. तिथे तंबोराच ऐकू आला नाही, तर पुढच्या पिढीचा षड्ज टेकावयाचा कशावर? म्हणून माझे म्हणणे इतकेच, की आधी दारे शांत करा, मग स्पीकर पाहा आणि अँप्लिफायरचा विचार सर्वांत शेवटी करा. आवाजही असा ठेवा, की मागच्या गाडीचा भोंगा कानी पडेल.