डोलणे थांबले, धोका नव्हे

विहारनौकांचा व्यापार जगभर वाढत आहे आणि त्याबरोबर नौकेचे डोलणे थोपविणाऱ्या यंत्रांचाही बोलबाला वाढला आहे. जी नौका कमी हलते ती सुरक्षित, असा समज त्यातून रूढ होऊ पाहतो. तो तपासून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कामी मुख्य उपाय तीन. पहिला, नौकेच्या तळाशी दोन्ही अंगांना लांबट पट्ट्या बसविण्याचा. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात प्रयोगांनी त्यांचा गुण दाखवून दिला. त्यांना वीज लागत नाही, खर्चही बेताचा. गुण मात्र माफक. दुसरा, पाण्याखालच्या हलत्या पंखांचा. नौका वेगात असता ते उत्तम चालतात. नांगर टाकला की साधे पंख जवळजवळ निरुपयोगी ठरतात. तिसरा, वेगाने फिरणाऱ्या जड चक्राचा, म्हणजे जायरोस्कोपचा. १९३२ साली सेवेत आलेल्या 'कोंते दी साव्होया' या इटालियन प्रवासी जहाजावर अशी तीन अजस्र चक्रे होती. आज तेच तत्त्व छोट्या नौकेत मावते. नांगरावर उभ्या नौकेतही ते काम करते. परंतु त्याला सतत वीज हवी आणि पुरता वेग घेण्यास अवधी हवा.

बोट लागण्याचा त्रास यांमुळे कमी होतो, हे खरेच. तथापि कललेली नौका पुन्हा सरळ होते ती तिची घडण आणि भाराची मांडणी यांच्या बळावर. टपावर गर्दी झाली की ते बळ घटते, आणि चक्राच्या जोरालाही मर्यादा असतेच. आपल्या किनाऱ्यावरील होडीच्या अंगाला बांधलेली उलांडी मुळात कलण्यालाच अटकाव करते. उलट, यंत्राने डोलणे दडपले की समुद्राचा इशाराही दडपला जातो, आणि एरवी परत फिरला असता असा तांडेल पुढे जाण्यास धजावतो.

२५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा बळी गेला. अशा होड्यांना प्रथम हवी ती प्रवासीसंख्येची मर्यादा, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि समुद्र खवळला असता होडी न सोडण्याचा निर्धार. ज्यांना परवडते त्यांनी यंत्रे खुशाल बसवावीत. परवाना देणाऱ्यांनी मात्र नौका किती कमी हलते याला भुलू नये. कललेली नौका पूर्ण भारानिशी पुन्हा सरळ होते की नाही, एवढे आधी पाहावे.