वने वाढली, पण कोणती आणि कोणाची?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक वनपाहणीचे आकडे वरवर पाहता आशादायक वाटतात. १९९० साली चीनचे वनक्षेत्र सुमारे १५.७ कोटी हेक्टर होते. २०२० साली ते २२ कोटी हेक्टर झाले. याच तीस वर्षांत भारताचे वनक्षेत्र सुमारे ६.३९ कोटी हेक्टरांवरून ७.२२ कोटी हेक्टरांवर गेले. चीनची वाढ ४० टक्के, भारताची १३ टक्के. एवढ्यावरून चीन पुढे आणि भारत मागे असा निकाल देणे सोपे आहे. परंतु त्या जमिनीवर काय उगवले आणि तिच्यावर हक्क कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे हेक्टरांच्या हिशेबात सापडत नाहीत.

१९५८ नंतरच्या ‘मोठ्या झेपे’त पोलादाच्या गावठी भट्ट्या पेटवण्यासाठी चीनमधील डोंगर उघडेबोडके झाले. १९९८ साली यांगत्झे नदीच्या महापुराने भीषण हानी केली, तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली. नदीच्या वरच्या खोऱ्यातील नैसर्गिक वनांच्या तोडीवर बंदी आली. १९९९ पासून उताराची शेतजमीन सोडून तेथे झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य व रोख रक्कम देण्यात येऊ लागली. एवढे मोठे काम बाजाराच्या भरवशावर झाले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तेथील २२ कोटी हेक्टरांपैकी ८ कोटींहून अधिक क्षेत्र लागवडीचे आहे, आणि त्यात एकाच जातीच्या झाडांच्या रांगा पुष्कळ. शिवाय लाकडाची भूक कमी झाली नाही. आयात वाढली आणि कुऱ्हाड दुसऱ्या देशांच्या जंगलांवर चालू लागली.

भारताच्या आकड्यांतही अशीच गफलत आहे. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र असले, की मालकी व वापर न पाहता भारतीय वन सर्वेक्षण संस्था ते वनाच्छादन धरते. त्यामुळे आंब्याची बाग, निलगिरीची लागवड आणि गडचिरोलीचे सागवन एकाच बेरजेत येतात. जुने जंगल खाणीखाली गेले आणि तेवढीच लागवड अन्यत्र झाली, तर कोष्टकात काहीच घडलेले नसते.

आता हक्काचा प्रश्न. चीनमधील निम्म्याहून अधिक वनक्षेत्र सामूहिक मालकीचे आहे. ती मालकी कायम ठेवून कुटुंबांना ७० वर्षांपर्यंत वापराचा हक्क देणारी सुधारणा २००८ साली देशभर हाती घेण्यात आली. परंतु राज्यसत्तेच्या निर्णयाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ तेथील गावापाशी नाही. भारतात वनजमिनीवर वनखात्याची पकड वासाहतिक काळापासून चालत आली. तरी २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला ते बळ दिले. २०१३ साली ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकण्यास आरंभ केला.

भारताची जमेची बाजू ही आहे, आणि तिलाच धक्का बसत आहे. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य शासनाने पाहावी, असे ठरवले. केंद्राने होकार दिल्यावर ग्रामसभेच्या नकाराला किती किंमत उरेल, हे सांगावयास नको.

म्हणून वनक्षेत्र वाढल्याची बातमी आली की कार्यकर्त्यांनी प्रथम त्या गावांत जावे. सामूहिक हक्काचा दावा दाखल झाला काय, तो कोठे अडला, नवी लागवड कोणाच्या गायरानावर झाली, याची नोंद गावाबरोबर बसून करावी. शासनाच्या कोष्टकाला उत्तर द्यावयाचे तर असे गावागावांतले हिशेब हाताशी असले पाहिजेत.